‘मला मोठं व्हायचंच नाही’: दुसरीच्या वर्गातलं एक प्रकरण

वर्ग दुसरीचा, मुलं तीसेक. उपक्रमाचं नाव ‘मोठेपणी मी कोण होणार?’ एकेकाने पुढे यायचं, घरून आणलेली वस्तू दाखवायची आणि एक वाक्य बोलायचं. खेळण्यातला स्टेथोस्कोप, बॅट, पोलिसाची टोपी, विमान असं बरंच काही टेबलावर जमलं होतं. शेवटून तिसरा आलेला मुलगा मात्र रिकाम्या हातांनी उभा राहिला. मी विचारलं, “काय रे, तू कोण होणार?” तो म्हणाला, “मला मोठं व्हायचंच नाही.”

वर्ग हसला. “असं म्हणतात का रे?” असं म्हणत मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. त्या दिवशी निरीक्षणाच्या वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलं, ‘लाजाळू. बोलतं करायला हवं.’ ही नोंद चुकीची होती, हे कळायला मला बरेच आठवडे लागले. तो लाजला नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचं त्याने सरळ उत्तर दिलं होतं आणि मी ते ऐकून घेतलं नव्हतं.

मुलगा सात वर्षांचा. वाचन चांगलं, गणित बरं, मित्र दोनच पण घट्ट. आईवडील दोघं नोकरी करणारे, मायेचे. घरात अठरा वर्षांचा मोठा भाऊ. तो त्याच उन्हाळ्यात पुढच्या शिक्षणासाठी लांब गेला होता. ही शेवटची गोष्ट मला माहीत होती, पण उपक्रमाशी तिचा काही संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

संध्याकाळी मी सगळ्यांची उत्तरं पुन्हा वाचली. दहा-बारा डॉक्टर, सात-आठ पोलीस, चार क्रिकेटपटू, तीन बाई, म्हणजे माझ्यासारख्या शिक्षिका. वाचताना वाटलं, ही उत्तरं मुलांनी दिलीत खरी, पण त्यात मुलं दिसत नाहीत. दर वर्षी हीच यादी येते. एकीला मी दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, “डॉक्टर होऊन काय करणार गं?” ती म्हणाली, “ते आईला विचारावं लागेल.” तिने हे अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. प्रश्न तिचा नव्हताच, आणि उत्तरही तिचं नव्हतं.

‘कोण’ आणि ‘काय’

मराठीत आपण हा प्रश्न ‘कोण होणार’ असा विचारतो. ‘कोण’ म्हटलं की उत्तरात एक तयार माणूस लागतो, गणवेशासकट. सात वर्षांच्या मुलाने पाहिलेली अशी माणसं किती असतील? घरातली, शाळेतली, दवाखान्यातली आणि पडद्यावरची. ब्रिटनमधल्या एका संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० देशांतल्या सुमारे २०,००० मुलांनी आपापल्या भविष्याची चित्रं काढली होती. मुलं ७ ते ११ वर्षांची होती. ‘हे काम तुला कुठून कळलं’ याला बहुतेक उत्तरं घरातलं माणूस, ओळखीचं कुणी किंवा टीव्ही-सिनेमा अशी आली. शाळेत येऊन कुणी आपल्या कामाबद्दल सांगितलं म्हणून कळलं, असं सांगणारी मुलं एक टक्क्याहूनही कमी होती. म्हणजे आपण मुलांना दुकानात नेतो, मांडलेल्या चार-पाच वस्तू दाखवतो आणि विचारतो, यातलं तुझं स्वप्न कुठलं?

‘होणं’ आणि ‘करणं’ यांत फरक पडतो, याला आणखी एक आधार सापडला. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लहान मुलांना ‘आज आपण विज्ञान करूया’ असं सांगून खेळ दिला, तर काहींना ‘आज आपण वैज्ञानिक होऊया’ असं सांगून. ‘करूया’ ऐकलेल्या मुली खेळात जास्त वेळ टिकल्या. ‘वैज्ञानिक’ म्हटलं की त्या वयातही डोळ्यांपुढे एक ठरावीक चेहरा येतो आणि मुलीला तो आपला वाटत नाही.

म्हणून मी प्रश्न बदलला. ‘कोण होणार’ हे शब्द वर्गातून काही काळ बादच केले. त्याऐवजी विचारू लागले: काय करायला लागलास की वेळ कळत नाही? काय दुरुस्त करावंसं वाटतं? कुणासाठी? कुणाबरोबर? ‘तुझं स्वप्न काय?’ हेही विचारून पाहिलं होतं, पण निम्म्या वर्गाने रात्रीचीच स्वप्नं सांगितली. एकाच्या मागे कुत्रा लागला होता, एकीच्या चपला उडत होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं, शब्दच दोन्हींसाठी एक आहे. ती स्वप्नंही मी ऐकून घेतली. उडणाऱ्या चपलांची मुलगी पुढे दोन आठवडे बूट आणि चाकं यांचीच चित्रं काढत होती.

या बदललेल्या प्रश्नांनीही तो मुलगा बोलला नाही. पण मी आता बघायला लागले होते. मधल्या सुट्टीत पाऊस पडून गेलेला असला की तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसायचा. हातात काडी. डबक्यातून एक बारीक चर काढायचा, पाणी थोडं पुढे गेलं की समोर खडा ठेवायचा, मग पाणी कुठून वाट काढतं ते बघत राहायचा. वाट नको त्या बाजूला गेली तर खडा बोटभर सरकवायचा. घंटा झाली की काडी भिंतीच्या फटीत खोचून यायचा, म्हणजे उद्या तीच सापडावी. हे मी पूर्वीही पाहिलं होतं. पूर्वी मी त्याला ‘हात धुऊन ये’ एवढंच म्हटलं होतं.

गाठींची दोरी

लहान मुलांशी भविष्याबद्दल बोलायचं तर काळ त्यांना कुठेतरी दिसावा लागतो. बस्बी आणि सडनडॉर्फ या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये अगदी लहान मुलांना ‘उद्या तू काय करशील’ असं विचारलं होतं. तीन वर्षांच्या थोड्याच मुलांना खरंखुरं काही सांगता आलं, चार-पाच वर्षांच्या बऱ्याच जणांना आलं. म्हणजे ‘उद्या’ सुद्धा हळूहळू कमवावा लागतो. सात वर्षांच्या मुलाला उद्या कळतो, पुढचा वाढदिवस कळतो. ‘मोठेपणी’ हे मात्र धुकंच असतं. त्यात आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. मुलं गोंधळतात यात नवल नाही.

मी वर्गाच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली. दर वितीवर एक वर्ष. जन्माच्या टोकापासून सात गाठी मुलांनी मोजून मारल्या. सातव्या गाठीला लाल चिंधी बांधली, तिथे ‘आज’. पुढची सुतळी मोकळी. एक मुलगी खुर्चीवर चढून त्या मोकळ्या भागाकडे बघत म्हणाली, “बाई, केवढी उरलीये!” तिच्या आवाजातलं आश्चर्य मला अजून ऐकू येतं.

मग आम्ही जवळून लांब जायला लागलो. पहिल्या आठवड्यात ‘पुढच्या शनिवारी मला काय करायचंय’, नंतर ‘तिसरीत गेल्यावर’, नंतर ‘ताई-दादाएवढं झाल्यावर’, आणि सगळ्यात शेवटी ‘बाईंएवढं झाल्यावर’. चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी त्या त्या गाठीपाशी लावायची. त्या मुलाने शनिवारचं चित्र लावलं, तिसरीचं लावलं. ‘दादाएवढं’ आलं तेव्हा कोरा कागद दुमडून दप्तरात घातला.

चित्र काढता काढता

त्या दिवशी मी पहिल्यांदा काही विचारलं नाही. त्याच्या शेजारच्या छोट्या बाकावर बसले आणि माझ्या कागदावर माझंच लहानपणचं घर काढायला लागले. भावना ढवळणारी गोष्ट सांगताना मुलाच्या हातात रंगखडू असेल तर ते कितीतरी जास्त सांगतं, हे ग्रॉस आणि हेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं. चित्र काढत बोलणाऱ्या मुलांनी नुसत्या बोलणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक माहिती दिली होती. नजरेला नजर द्यावी लागत नाही, मधल्या शांततेला काही निमित्त असतं, हे मला प्रत्यक्षात दिसलेलं कारण.

शांतता सहन करणं हीच यातली अवघड गोष्ट. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये नोंदवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलंही बोलतात. मी मनात तीन आकडे मोजायची सवय लावून घेतली होती. त्या दिवशी तीन पुरले नाहीत. कितीतरी वेळ दोघंही रेघा ओढत होतो. मग त्याने कागद उलगडला, एक दार काढलं, दाराबाहेर एक बॅग काढली. माणूस काढला नाही. बॅगेला चाकं काढली, चाकं गोल आली नाहीत म्हणून खोडली, पुन्हा काढली. आणि बॅगेकडे बघतच म्हणाला,

“मोठं झालं की जावं लागतं.”

मी ते वाक्य त्याच्या चित्राखाली जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. “असंच म्हणालास ना?” त्याने मान हलवली. मग त्यानेच भर घातली, “दादा मोठा झाला आणि गेला.”

मुलाचे शब्द लिहून त्याला परत वाचून दाखवणं मी पुढे सगळ्यांसाठी चालू ठेवलं. काहीही सुधारायचं नाही, व्याकरणसुद्धा नाही. आपलं बोलणं कुणीतरी कागदावर धरून ठेवलं, हे पाहून मुलं स्वतःच्याच वाक्याला पुढे नेतात.

नंतर मी वर्गात आणि फोनवर कान देऊन ऐकलं की ‘मोठा’ हा शब्द आपण मुलांशी बोलताना कुठे वापरतो. ‘आता मोठा झालास, रडायचं नाही.’ ‘मोठा झालास ना, कडेवर नाही घेणार.’ ‘मोठा झालास की कळेल.’ ‘एवढा मोठा घोडा झालास तरी...’ प्रत्येक वेळी मोठं होण्याबरोबर काहीतरी हातातून जातं. त्याच्या बाबतीत तर भाऊच गेला होता. असल्या भविष्यात ‘तू कोण होणार’ असं हसून विचारणाऱ्या माणसाला मुलाने काय सांगायचं?

माझ्याकडून झालेली चूक

पुढच्या पालकसभेत त्याची आई भेटली. इतर तीन-चार पालक आजूबाजूला होते. मला जे कळलं ते सांगायची मला घाई झाली होती आणि मी ते वाक्य तिथल्या तिथे वाचून दाखवलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा दाराशी उभा होता, हे मी नंतर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुतळीवरची त्याची चित्रं नव्हती. चिमटे मात्र जागेवर नीट लावलेले होते. मी जवळ गेले तर तो एवढंच म्हणाला, “तुम्ही सांगितलंत.”

मी कारणं दिली नाहीत. “हो, सांगितलं. तुला न विचारता सांगितलं. चुकलं माझं,” असं म्हटलं. त्याने काही उत्तर दिलं नाही, आणि ते त्याने द्यावं अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नव्हतं. मूल दुखावलं असताना त्याच्याकडून ‘ठीक आहे बाई’ वदवून घेणं म्हणजे आपला भार त्याच्या खांद्यावर टाकणं.

१९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलाला आपलं मत मांडायचा हक्क दिला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ मध्ये या कलमाचा अर्थ उलगडताना स्पष्ट म्हटलं की मत मांडणं ही मुलाची निवड आहे, सक्ती नव्हे. मी हे पूर्वी वाचलं होतं. वर्गात त्याचा अर्थ काय, हे त्या रिकाम्या चिमट्यांनी सांगितलं. ‘सगळ्यांनी पुढे येऊन सांगायचं’ हा आमचा नियमच मुळात चुकीचा होता.

तेव्हापासून सांगण्याचे तीन मार्ग ठेवले. चित्र सुतळीवर लावायचं, म्हणजे ते सगळ्यांचं. एका मित्राला किंवा मैत्रिणीला कानात सांगायचं. किंवा पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्या कपाटातल्या डब्यात ठेवायचं. ते मीही उघडायचं नाही आणि मालकाने कधीही परत मागावं. घरी काही कळवायचं असेल तर मुलाला आधी विचारायचं, आणि ते एकांतात. एकच अपवाद मुलांना आधीच सांगून ठेवला: कुणी तुम्हाला त्रास देतंय असं काही असेल तर मला मदत आणावी लागेल, आणि तेव्हाही मी तुम्हाला सांगूनच आणेन. पहिल्याच आठवड्यात डब्यात नऊ पाकिटं आली. एरवी सर्वांत जास्त बोलणाऱ्या मुलांचीही त्यात होती.

शाळेच्या समुपदेशक ताईंशी मी बोलले. त्यांनी झोप, खाणं, शाळेत येताना रडणं, खेळणं सोडून देणं याबद्दल विचारलं. यातलं काही आठवडेन्‌आठवडे चालू असतं तर त्यांनी मुलाला स्वतः भेटायला सुरुवात केली असती. इथे तसं नव्हतं. मुलगा खेळत होता, झोपत होता, फक्त त्याला एक गोष्ट कुणी समजावली नव्हती. आईवडिलांना मी वेगळं बोलावलं, तेही त्याला विचारून. “सांगा, पण तुम्ही रडू नका म्हणावं,” अशी त्याने अट घातली. आईने ती पाळली. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आम्हाला वाटलं, लहान आहे, विसरेल.” भावाला कळवलं तेव्हा त्याने रोजच्या धावत्या फोनऐवजी आठवड्यातला एक फोन फक्त धाकट्यासाठी ठेवला आणि आपल्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं ते काढून पाठवलं.

वेणी, टोपी आणि पाहुण्या

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. तिचा या प्रकरणाशी संबंध नंतर जुळला. एका मुलीने क्रेन चालवणारी बाई काढली होती. बाकावरचा मुलगा म्हणाला, “मुली क्रेन चालवतात का?” तिने काही वाद घातला नाही. खोडरबर घेतलं, चालकाची वेणी खोडली आणि तिथे टोपी काढली. वेणीची पुसट रेघ कागदावर राहिली. मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की साधारण सहा ते आठ या वयात मुलं ‘हे बायकांचं काम, हे पुरुषांचं’ अशी वाटणी करतात आणि जे आपल्या वाट्याचं नाही ते स्वप्नातून गाळून टाकतात. पुढे ते सहसा परत येत नाही. हे गाळणं इतकं चटकन आणि निमूटपणे होतं, हे मी डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

नुसतं ‘मुली सगळं करू शकतात’ असं सांगून ती वेणी परत आली नसती. म्हणून माणसं बोलावली. एक पुरुष परिचारक आले, एक वाद्यं दुरुस्त करणारे आले. तिसऱ्या आल्या त्या पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांचं काम बघणाऱ्या अभियंता. त्यांना मी आधीच सांगितलं होतं, पदवी आणि पगार नको, कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा गेला ते सांगा. त्यांनी गळका जोड आणला होता. मुलांनी तो हातात घेऊन पाहिला. पाणी चढावर कसं नेतात, एका भागाचं बंद करून दुसऱ्या भागाला कसं सोडतात, ते त्यांनी फळ्यावर काढलं.

मागच्या बाकावरून हात वर आला. महिनाभर वर्गात आपणहून न बोललेल्या मुलाचा.

“तुम्ही रोज घरी जाता का?”

त्या क्षणभर थांबल्या. “जाते. कधी उशीर होतो, पण जाते.”

“आणि शिकायला?”

“शिकायला चार वर्षं लांब होते. पहिल्या महिन्यात खूप रडले. मग मैत्रिणी झाल्या. सुट्टीत घरी यायचे. शिकून झाल्यावर परत आले.”

तो विचार करत होता. मी मध्ये बोलले नाही. मग त्याने विचारलं, “आणि पाणी उलटं वळवता येतं का?” पुढची दहा मिनिटं ते दोघंच बोलत होते आणि वर्ग ऐकत होता. त्यांनी त्याला ‘लांब गेलं तरी काही वाटत नाही’ असं खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

क्रेनवालीने त्या संध्याकाळी नवीन कागद मागितला. वेणी यावेळी कमरेपर्यंत होती.

वर्ष संपताना

पाहुण्या येऊन गेल्यावर बारा दिवसांनी सुतळीवर त्याचं एक चित्र आलं, ‘दादाएवढं’ आणि ‘बाईंएवढं’ यांच्या मधोमध. लांबलचक चर, खडे, एक उकिडवा बसलेला माणूस आणि मागे दार. दाराबाहेर तीच चाकांची बॅग, पण या वेळी बॅगेचा दांडा एकाच्या हातात होता. खाली काय लिहू, असं विचारलं तेव्हा त्याने दोन वाक्यं सांगितली: “मी पाणी वळवणार. बॅग घेऊन जाणार आणि बॅग घेऊन येणार.” इतरांना सांगायचं का? “लावलंय ना सुतळीवर,” तो म्हणाला.

मार्चमध्ये कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला पुन्हा ‘कोण होणार’ विचारलं. तो म्हणाला, “माहीत नाही अजून.” मी शेजारीच होते. सात वर्षांच्या मुलाचं हे उत्तर मला पूर्ण वाटलं. निरीक्षणाच्या वहीतली जुनी नोंद मी खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली: ‘पाण्याचा उतार बघतो. विचारलं की थांबून उत्तर देतो. थांबावं.’

शेवटच्या दिवशी डब्यातली पाकिटं ज्याची त्याला दिली, चित्रं उतरवली, सुतळी सोडायला घेतली. तो खुर्ची धरून उभा होता. उरलेली सुतळी त्याला हवी होती. भाऊ सुट्टीत येणार होता, आणि भावाच्या अठरा गाठी मारून त्यापुढे किती उरते ते दोघांना बघायचं होतं. त्याने तुकडा वितीने मोजला, पुन्हा मोजला. पुरणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मी अख्खा गुंडा दिला.